बोलकी प्रयोगवही

लोणार सरोवराच्या काठावर उभे राहून पाण्याची मोजमापे घेण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला असेल, त्यांना पुढील अडचण वेगळी समजावून सांगायला नको. बुलढाणा जिल्ह्यातील हे सरोवर उल्कापाताने बेसाल्ट खडकात तयार झालेल्या, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या विवराच्या तळाशी आहे. त्याचे पाणी खारे तर आहेच, शिवाय चांगलेच अल्कधर्मी आहे. त्याचा सामू १० च्या आसपास असतो. शुद्ध पाण्याचा सामू ७ असतो आणि सामूत एका अंकाचा फरक म्हणजे हायड्रोजन आयनांच्या प्रमाणात दहापट फरक, हे लक्षात घेतले की या पाण्याचे वेगळेपण कळते. अशा पाण्यात बोटे बुडवली की साबण लावल्यासारखी बुळबुळीत होतात, म्हणून रबरी हातमोजे घालावे लागतात. एका हातात नमुन्याची बाटली, दुसऱ्या हातात सामूमापकाची कांडी, पायाखाली चिखल. मापकावरचा आकडा स्थिर होतो, तेव्हा तो लिहून घ्यायला तिसरा हात नसतो.

यावर आमचा जुना उपाय साधा होता. पाण्यात उभ्या असलेल्याने आकडा ओरडून सांगायचा आणि कोरड्या जागी वही घेऊन उभ्या असलेल्या सहकाऱ्याने तो लिहून घ्यायचा. अलीकडे या सहकाऱ्याची जागा हळूहळू एक यंत्र घेऊ लागले आहे. खिशातल्या फोनला किंवा प्रयोगशाळेच्या टेबलावर ठेवलेल्या छोट्या उपकरणाला आपण बोलून सांगायचे आणि त्याने आपले बोलणे ऐकून त्याची लेखी नोंद करायची. काही उपकरणे याच्या पुढे जातात. कृतीतील पुढची पायरी वाचून दाखवतात, दहा मिनिटांनी आठवण करून देतात, साधी आकडेमोडही करतात. बर्लिनच्या लॅबट्विनसारख्या काही कंपन्यांनी केवळ प्रयोगशाळांसाठी असे बोलके मदतनीस तयार केले आहेत.

हे मदतनीस कसे ऐकतात, कोठे चुकतात आणि त्यांच्यावर किती विसंबून राहावे, याचा विचार या लेखात करू. हा प्रश्न फक्त मोठ्या प्रयोगशाळांचा नाही. आज शिक्षकांच्या आणि अनेक विद्यार्थ्यांच्या हाती असलेल्या फोनमध्ये ही सोय आहे. तिचा उपयोग नीट झाला तर शाळेतील प्रयोगवहीचे एक जुने दुखणे बरे होऊ शकेल. तो नीट झाला नाही तर तेच दुखणे नव्या रूपात येईल.

नोंद का निसटते?

प्रयोगवहीचे काही नियम जगभर पाळले जातात. वही बांधीव असावी, पानांना क्रमांक असावेत, नोंद शाईने करावी, चूक झाल्यास खोडरबर न वापरता एक रेघ मारावी म्हणजे खालचा मजकूर वाचता येतो, आणि प्रत्येक पानावर तारीख व सही असावी. या सगळ्यांपेक्षा महत्त्वाचा नियम असा की नोंद निरीक्षणाच्या वेळीच करावी. तो मोडण्याचे प्रसंगही सर्वांत जास्त येतात.

त्याचे कारण आळस हेच असते असे नाही. जिवाणूंचे रोपण करताना हात निर्जंतुक केलेले असतात. त्या हातांनी पेन उचलले तर पेनवरचे जिवाणू संवर्धनात जाण्याचा धोका असतो. अनुमापन करताना एक हात ब्युरेटच्या तोटीवर आणि दुसरा शंकुपात्र हलवण्यात गुंतलेला असतो. डोळे रंगबदलावर खिळलेले असतात. मग आकडा मनात ठेवला जातो, किंवा हाताला लागेल त्या चिटोऱ्यावर, कधी तळहातावरही लिहिला जातो, आणि संध्याकाळी 'पक्क्या वहीत' उतरवला जातो. मधल्या वेळेत चिटोरे हरवते, मनातला आकडा बदलतो. चिटोऱ्यावरून उतरवताना आकडे थोडे 'सुधारण्याचा' मोहही होतो.

शाळेत याचे टोकाचे रूप दिसते. लंबकाच्या प्रयोगात गुरुत्वत्वरण ९.८ यायला हवे हे विद्यार्थ्याला आधीच ठाऊक असते, म्हणून तो उत्तरावरून निरीक्षणे तयार करतो. वही देखणी होते, पण तिच्यात निरीक्षण उरत नाही. आकडा दिसताक्षणी तो बोलून नोंदवला आणि त्या नोंदीवर वेळेचा शिक्का बसला, तर या मागाहून करण्याच्या रचनेला आळा बसू शकतो. बोलक्या वहीचा सर्वांत मोठा लाभ हाच आहे. श्रम वाचतात ते वेगळेच.

यंत्र ऐकते कसे?

आपण बोलतो तेव्हा हवेच्या दाबात बारीक चढउतार होतात. ध्वनिग्राहक त्यांचे विजेच्या चढउतारांत रूपांतर करतो. बोलणे ओळखण्यासाठी हे चढउतार साधारणपणे दर सेकंदाला १६,००० वेळा मोजले जातात. म्हणजे एक सेकंदाचे बोलणे यंत्राच्या दृष्टीने १६,००० आकड्यांची माळ असते.

या माळेचे सुमारे २५ मिलिसेकंदांचे तुकडे पाडतात. प्रत्येक तुकडा आधीच्यापेक्षा सुमारे १० मिलिसेकंद पुढे सुरू होतो. प्रत्येक तुकड्यात कोणत्या वारंवारतेचा ध्वनी किती आहे, हे गणिताने काढतात. 'आ' आणि 'ई' या स्वरांत वारंवारतांची वाटणी वेगळी असते. 'स' मध्ये उच्च वारंवारतांचा फुसफुसाट जास्त असतो. त्यामुळे प्रत्येक तुकडा कोणत्या उच्चाराचा असावा, याचा अंदाज बांधता येतो.

पण हा केवळ अंदाज असतो, आणि तो एकटा पुरेसा नसतो. म्हणून यंत्र दुसरीही एक गोष्ट पाहते. आधीचे शब्द पाहता पुढे कोणता शब्द येण्याचा संभव जास्त आहे? 'सोडियम कार्बो...' एवढे ऐकू आले आणि पुढचे वाऱ्यात विरले, तर तेथे 'नेट' असण्याचा संभव खूप मोठा आहे. ध्वनीचा पुरावा आणि भाषेचा संभव या दोहोंचा मेळ घालून यंत्र निर्णय देते. आपणही असेच ऐकतो. गडबडीच्या एस. टी. स्टँडवर 'मेहकर' शब्दातली दोन अक्षरे ऐकू आली तरी आपण बसकडे धावतो.

या यंत्राचा विकास एका दिवसात झाला नाही. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९५२ साली 'ऑड्री' नावाचे यंत्र बनवले गेले. त्याला फक्त एक-एक सुटा अंक ओळखता येई, आणि तोही ज्याच्या आवाजाशी ते जुळवून घेतले असेल त्याच्या तोंडचा. १९७६ साली कार्नेगी मेलन विद्यापीठात, भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ राज रेड्डी यांच्या गटात, 'हार्पी' ही प्रणाली तयार झाली. तिला सुमारे एक हजार शब्द समजत. २०११ मध्ये 'सिरी' आणि २०१४ मध्ये 'अलेक्सा' हे मदतनीस बाजारात आले. २०२२ साली 'ओपनएआय' या कंपनीने खुली केलेली 'व्हिस्पर' ही प्रणाली ६,८०,००० तासांच्या ध्वनिमुद्रणांवर शिकवलेली होती आणि तिच्या भाषांत मराठीही होती.

मराठीसाठी आपल्याकडे झालेला एक प्रयत्न येथे सांगण्यासारखा आहे. शेतकऱ्याने फोनवर आपल्या भाषेत विचारावे आणि त्याला शेतमालाचा बाजारभाव ऐकू यावा, असा एक प्रकल्प केंद्र सरकारच्या साहाय्याने २०१० च्या सुमारास अनेक भारतीय भाषांत हाती घेतला गेला. त्यातील मराठीचे काम मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि आय. आय. टी. येथील संशोधकांनी केले. त्यासाठी महाराष्ट्राच्या निरनिराळ्या जिल्ह्यांतील शेतकऱ्यांचे आवाज फोनवरून ध्वनिमुद्रित करण्यात आले. प्रयोगशाळेच्या शांत खोलीत सुशिक्षित माणसाने वाचलेले मराठी शिकून यंत्राला बांधावरून बोलणारा शेतकरी समजत नाही, हे त्यामागचे कारण. पुढे २०१७ मध्ये गूगलच्या बोलून लिहिण्याच्या सोयीत मराठीचा समावेश झाला आणि ही गोष्ट सर्वसामान्यांच्या फोनपर्यंत पोहोचली.

सहा की दहा?

प्रयोगाच्या नोंदीत शब्द थोडे आणि आकडे फार असतात. यंत्राची खरी परीक्षा येथेच होते. 'तळ्याचे पाणी आज हिरवट दिसते' या वाक्यात एखादे अक्षर ऐकू आले नाही तरी बाकीचे शब्द मदतीला येतात. 'सहा' आणि 'दहा' यांत मात्र फक्त पहिल्या व्यंजनाचा फरक आहे, आणि आजूबाजूचे शब्द काहीही मदत करत नाहीत. 'सहा मिलिलिटर' आणि 'दहा मिलिलिटर' ही दोन्ही वाक्ये तितकीच सहज आहेत. 'सात' आणि 'साठ', 'एकवीस' आणि 'एकतीस' या जोड्या अशाच.

मराठीची आणखी एक अडचण आहे. इंग्रजीत वीसच्या पुढे दशक आधी व एकक नंतर असा सरळ क्रम असतो. मराठीत 'सत्तावीस' म्हणताना सात आधी येतात, वीस नंतर. शिवाय जोडताना रूप बदलते. सत्तावीस, सदतीस, सत्तेचाळीस, सदुसष्ट यांत सातचे रूप दर वेळी निराळे. 'एकोणसाठ' मध्ये तर नवाचा पत्ताच नाही; तेथे साठमधून एक वजा करायचा आहे. त्यामुळे शून्य ते नव्व्याण्णव हे जवळजवळ शंभर स्वतंत्र शब्द म्हणूनच शिकावे लागतात. मुलांना हे अवघड जाते म्हणून २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'सत्तावीस' बरोबर 'वीस सात' अशी वाचनाची पद्धत देण्यात आली. त्यावर झालेला वाद शिक्षकांना आठवत असेल. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी त्या बदलाची बाजू मांडली होती. त्या वादाचा निकाल येथे लावायचा नाही. पण मुलाची जी अडचण, तीच यंत्राचीही आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

त्यात भर म्हणजे आपले दीड, अडीच, सव्वा, पावणे आणि साडे. 'पावणेदोन मिली' ऐकून १.७५ असा आकडा लिहायचा तर यंत्राला ऐकण्याबरोबर थोडे अंकगणितही यावे लागते. प्रयोगशाळेत प्रत्यक्षात बोलले जाते ते आणखी वेगळे: 'वन पॉइंट फाइव्ह टाक, मग पाच मिनिटे थांब.' एकाच वाक्यात दोन भाषांचे आकडे.

बोलीचाही विचार करावा लागतो. आपल्या वऱ्हाडी बोलीत 'ळ' चा 'य' होतो. डोळा म्हणजे डोया, शाळा म्हणजे शाया. घरी असे बोलणारा विद्यार्थी परीक्षानळीकडे पाहून सहजपणे 'पिवया साका' म्हणाला, तर प्रमाण मराठीवर शिकलेले यंत्र गोंधळू शकते. येथे दोष मुलाच्या बोलण्यात नाही. यंत्राने त्याच्यासारख्यांचे बोलणे पुरेसे ऐकलेले नाही. वर सांगितलेल्या शेतकऱ्यांच्या ध्वनिमुद्रणाचे महत्त्व यावरून कळेल.

पकडली गेलेली चूक आणि न सापडलेली चूक

एक उदाहरण घेऊ. लोणारसारख्या पाण्यात कार्बोनेट व बायकार्बोनेट दोन्ही असतात. त्यांचे प्रमाण काढण्यासाठी हायड्रोक्लोरिक आम्लाने अनुमापन करतात. प्रथम फिनॉल्फथॅलिन दर्शक टाकतात. पाणी गुलाबी होते. आम्ल घालत गेल्यावर गुलाबी रंग नाहीसा होतो, तेव्हा कार्बोनेटचे बायकार्बोनेट झालेले असते. मग मिथिल ऑरेंज टाकून पुढे आम्ल घालतात. त्याचा रंग पालटतो तेव्हा सर्व बायकार्बोनेट संपलेले असते.

समजा, पहिला रंगबदल ६.२ मिलिलिटरला आणि दुसरा, सुरुवातीपासून मोजून, १५.९ मिलिलिटरला झाला. कार्बोनेटसाठी दोन टप्प्यांत मिळून ६.२ ची दुप्पट, म्हणजे १२.४ मिलिलिटर आम्ल लागले. उरलेले ३.५ मिलिलिटर मूळच्या बायकार्बोनेटसाठी. आता यंत्राने 'सहा पूर्णांक दोन' ऐवजी 'दहा पूर्णांक दोन' ऐकले तर? दुप्पट होते २०.४, आणि ती एकूण १५.९ पेक्षा जास्त आहे. बायकार्बोनेट ऋण येते. हे अशक्य आहे, म्हणून चूक तेथेच पकडली जाते.

सर्वच चुका इतक्या प्रामाणिक नसतात. आमचाच एक अनुभव सांगतो. थंडीच्या दिवसांत आम्ही सरोवराच्या काठाने सकाळपासून दुपारपर्यंत निरनिराळ्या ठिकाणी पाण्याचे तापमान व सामू मोजत होतो. त्या दिवशी वही न घेता सर्व नोंदी फोनमध्ये बोलायच्या असे ठरवले होते. तळाशी नेटवर्क मिळाले नाही. फोनने आमचे बोलणे साठवून ठेवले आणि आम्ही विवराचा चढ चढून वर आल्यावर, नेटवर्क येताच, सगळ्याचे लेखी रूपांतर केले. रूपांतर झाल्यावर मूळ ध्वनिमुद्रण आपोआप पुसले गेले. ते तसे पुसले जाते हे आम्ही आधी पाहून ठेवले नव्हते.

संध्याकाळी नोंदी वाचताना एका ठिकाणचे तापमान ३१ अंश दिसले. आमच्या सहकारी विद्यार्थिनीला ते 'एकवीस' म्हटल्याचे अंधूक आठवत होते. थंड सकाळी खोल पाण्याजवळ २१ अंश शक्य होते. दुपारी काठच्या उथळ पाण्यात ३१ देखील अशक्य नव्हते. वेळ पाहावी तर सर्व नोंदींवर वर चढून आल्यानंतरचीच, म्हणजे रूपांतराची वेळ पडली होती. ठिकाणाचा क्रमांक त्या एका नोंदीत बोलायचा राहिला होता. पार्श्वभूमीला वारा होता, आणि तो ऐकून पाहायला आवाज उरला नव्हता.

आम्ही ती नोंद रद्द केली. विद्यार्थिनी म्हणाली, "सर, एकवीसच असणार, आजूबाजूचे आकडे तसेच आहेत." ती कदाचित बरोबर असेल. पण आजूबाजूच्या आकड्यांवरून भरलेला आकडा हे निरीक्षण नव्हे. तो लिहिला असता, तर उत्तरावरून निरीक्षणे बनवणाऱ्या शाळकरी मुलापेक्षा आम्ही वेगळे ठरलो नसतो. एका नोंदीसाठी सगळा खळगा पुन्हा उतरायला हवा होता, आणि उतरलो असतो तरी ती सकाळ परत मिळणार नव्हती.

चूक अशक्य असेल तर ती ओरडून सांगते. ती शक्य कोटीतली असेल तर गप्प बसते, आणि अशाच चुका नोंदवहीत वर्षानुवर्षे राहतात.

संभवनीय आणि घडलेले

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. ऐकू न आलेली जागा यंत्र सर्वांत संभवनीय शब्दाने भरते, हे आपण पाहिले. रोजच्या बोलण्यात हा गुण आहे. विज्ञानाच्या नोंदीत मात्र तो जपून वापरायचा गुण आहे. कारण ज्या निरीक्षणाने ज्ञानात भर पडते, ते बहुधा अनपेक्षित असते. नेहमीसारखे तापमान, नेहमीसारखा रंग यांची नोंद लागतेच. पण आपण वही ठेवतो ती एखादे दिवशी काही वेगळे घडले तर ते निसटू नये म्हणून. संभवनीयाकडे झुकणारा लेखनिक नेमक्या त्याच दिवशी दगा देऊ शकतो.

कधी कधी तर यंत्र न बोललेलेही लिहिते. वर उल्लेखिलेल्या 'व्हिस्पर' प्रणालीची अमेरिकेतील संशोधकांनी तपासणी केली, तेव्हा सुमारे एक टक्का ध्वनिखंडांच्या लेखी रूपात मुळात कोणी न उच्चारलेले शब्दसमूह आढळले. हे निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाले. बोलण्यात लांब विराम असतील तेथे हे अधिक घडत होते. प्रयोगशाळेत आपण असेच बोलतो: एक आकडा, मग लांब शांतता, मग दुसरा आकडा. एक टक्का हे प्रमाण लहान वाटेल. पण शंभरातली ती एक नोंद कोणती, हे वाचून कळत नाही. तिची भाषा इतर नोंदींइतकीच शुद्ध असते.

काठावर वही घेऊन उभा राहणारा आमचा जुना सहकारी येथे आठवतो. त्यालाही वाऱ्यात ऐकू येत नसे. पण तो विचारत असे, "काय म्हणालात? सहा की दहा?" आपल्याला नीट ऐकू आलेले नाही, हे त्याला कळत होते. चांगल्या मदतनीसाची परीक्षा त्याच्या शंकेवरून होते. ज्या यंत्राला ही शंका येत नाही, त्याच्या वाटची शंका आपण घेतली पाहिजे.

बोलकी वही वापरताना

या अनुभवानंतर आम्ही काही पद्धती ठरवल्या. त्या शाळेतही उपयोगी पडतील.

पहिली गोष्ट, आकडे सुटे बोलायचे. 'एकतीस' न म्हणता 'तीन, एक' म्हणायचे. दशांश चिन्हासाठी नेहमी एकच शब्द, 'पूर्णांक' किंवा 'पॉइंट', ठरवून ठेवायचा. सव्वा-दीड टाळायचे. ही युक्ती नवी नाही. विमानांच्या रेडिओ-संभाषणातही अंक सुटे सांगतात, आणि 'फाइव्ह' व 'नाइन' यांत गोंधळ होऊ नये म्हणून त्यांचे उच्चार मुद्दाम 'फाइफ' आणि 'नाइनर' असे करतात.

दुसरी, प्रत्येक नोंद एकाच साच्यात बोलायची: ठिकाण किंवा नमुना क्रमांक, वेळ, काय मोजले, आकडा, एकक. वेळ यंत्र टाकील म्हणून गप्प राहायचे नाही.

तिसरी, यंत्राने लिहिलेले लगेच परत वाचून घ्यायचे आणि मापकावरचा आकडा अजून समोर असतानाच ताडून पाहायचे. परत वाचून दाखवण्याची सोय नसेल तर पडद्यावर नजर टाकायची. त्या नजरेला एखादा सेकंद लागतो.

चौथी, मूळ आवाज जपून ठेवायचा. लेखी रूप हा त्या आवाजाचा एक अर्थ आहे. निरीक्षणाच्या सर्वांत जवळचा पुरावा आवाजच. जुन्या वहीत खोडलेल्या रेघेखालचा आकडा वाचता येतो, तसेच येथेही दुरुस्ती करताना जुना मजकूर, दुरुस्तीची वेळ आणि दुरुस्ती करणाऱ्याचे नाव राहिले पाहिजे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ सालीच इलेक्ट्रॉनिक नोंदींसाठी असा माग राखण्याचा नियम केला होता.

पाचवी, आवाज कोठे जातो हे माहीत करून घ्यायचे. अनेक मदतनीस आपले बोलणे इंटरनेटवरून दूरच्या संगणकाकडे पाठवतात. अप्रकाशित संशोधन, शेजारी बोलणाऱ्यांची खासगी वाक्ये, वर्गातील मुलांचे आवाज हे सर्व त्यासोबत जाऊ शकते. नेटवर्कशिवाय फोनमध्येच काम करणारी प्रणाली मिळत असेल तर ती बरी. मुलांचे आवाज ध्वनिमुद्रित करायचे तर पालकांची संमती घ्यावी.

आणि शेवटची, दिवसाच्या अखेरीस नोंदी छापून किंवा उतरवून, वाचून, त्यावर सही करायची. सही करणारा माणूस त्या आकड्यांची जबाबदारी घेतो. यंत्र ती घेऊ शकत नाही.

वर्गात करून पाहा

शिक्षकांनी आठवी ते बारावीच्या वर्गात सहज करून पाहावा असा एक प्रयोग सुचवतो. वीस आकड्यांची एक यादी करा. तिच्यात ६ व १०, ७ व ६०, २१ व ३१, ५९ व ६९ अशा फसव्या जोड्या आणि काही दशांश आकडे असू द्या. एका विद्यार्थ्याने फोनच्या मराठी बोलून लिहिण्याच्या सोयीत ती यादी वाचावी आणि बाकीच्यांनी चुका मोजाव्यात. मग एका वेळी एकच गोष्ट बदला: फोन तोंडापासून १० सेंटिमीटरवर आणि मग एक मीटरवर, पंखा बंद आणि चालू, 'एकतीस' असे आणि 'तीन, एक' असे. घरी वऱ्हाडी, बंजारा, उर्दू किंवा प्रमाण मराठी बोलणाऱ्या मुलांनी तीच यादी वाचली तर चुकांत काय फरक पडतो? निष्कर्षांचा तक्ता करा. एकाच मुलाच्या वाचनावरून निष्कर्ष काढू नका. प्रत्येक प्रकार पुनःपुन्हा करा.

दुसरा प्रयोग रसायनाचा. धुण्याच्या सोड्याचे पातळ द्रावण करून वर दिलेले अनुमापन करा. अर्ध्या गटांनी आकडे कागदावर लिहावेत, अर्ध्यांनी बोलून नोंदवावेत. द्रावण एकच असल्यामुळे उत्तरे जुळायला हवीत. न जुळल्यास चूक कोठे शिरली, याचा शोध घेणे हाच खरा पाठ. लोणारचे सरोवर अभयारण्यात येते. तेथून वन खात्याच्या परवानगीशिवाय पाणी आणू नये.

एका गुलाबी रंगाची गोष्ट

जून २०२० मध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाले. छायाचित्रे जगभर गेली. वन खात्याने पाण्याचे नमुने नागपूरच्या नीरी आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे पाठवले. क्षारप्रिय आर्किया गटातील सूक्ष्मजीव वाढले आणि त्यांच्यातील रंगद्रव्याने हा रंग आला, असे तपासणीत आढळले. पाऊस कमी, बाष्पीभवन जास्त, त्यामुळे क्षारता वाढली, ही त्यामागची परिस्थिती सांगितली गेली. पुढे रंग ओसरला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरोवराला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला.

त्या काळात एक प्रश्न वारंवार विचारला जात होता: असे पूर्वी कधी झाले होते का? काही जाणकार सांगत होते की रंगाची छटा आधीही बदललेली त्यांनी पाहिली आहे, मात्र ती इतकी गडद नव्हती. ती किती होती, कोणत्या महिन्यात, तेव्हा क्षारता व तापमान काय होते, याचे उत्तर आठवणींतून मिळत नाही. ते फक्त तारीखवार नोंदींतून मिळते. दर आठवड्याला काठावर उभे राहून कोणीतरी केलेल्या, कंटाळवाण्या वाटणाऱ्या नोंदींतून.

लोणार तालुक्यातील एखाद्या शाळेने गावच्या विहिरीच्या किंवा तलावाच्या पाण्याचा रंग, तापमान आणि सामू दर सोमवारी नोंदवायचे ठरवले, तर ते आज पूर्वीपेक्षा सोपे आहे. सामूदर्शक कागद, तापमापी आणि एक फोन एवढ्यावर काम चालते. आकडा दिसताच बोला, लिहिला गेलेला आकडा लगेच तपासा, आवाज जपा, सही करा. एखाद्या सोमवारी पाण्याचा रंग अपेक्षेपेक्षा वेगळा दिसेल आणि मुलगा क्षणभर अडखळेल. त्या वेळी त्याला जे दिसले तेच वहीत उतरले, नेहमीचे उतरले नाही, एवढे आपण शिकवू शकलो तर ती वही कागदाची आहे की बोलकी, याने फारसा फरक पडणार नाही.